पावडर कोटिंग : हुकावरचे थर, अर्थिंग आणि बूथमधली ठिणगी

गोकुळशिरगावकर

नमस्कार. गेली अकरा वर्षं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला पावडर कोटिंगचं जॉबवर्क करतो, म्हणजे हुकाला टांगलेल्या वस्तूवर (जॉबवर) बूथमध्ये गननं विजेनं भारलेली कोरडी रंगाची पावडर मारायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. पॅनलचे दरवाजे, पंपाची कव्हरं, अवजारांचे पार्ट, जे येईल ते. हा धागा काढायला मागच्या गुरुवारची रात्र कारण झाली.

दुसरी पाळी होती, साडेनऊ वाजले असतील. करड्या शेडचे पॅनलचे दरवाजे चालले होते. मी ओव्हनच्या तोंडाशी उभा होतो. गनमननं, म्हणजे पावडरची गन चालवणाऱ्या पोरानं, दरवाजाची आतली घडी भरायला गन जवळ नेली आणि 'चट्' असा आवाज आला, सुकी काटकी मोडल्यासारखा. हूक आणि दरवाजाचं भोक यांच्यामध्ये निळी रेघ दिसली. तिच्याभोवती तळहाताएवढी पिवळी ज्योत उठली, वर सरकली आणि विझली. सेकंदभरही गेला नसेल. एक्झॉस्ट चालू होता, पोरानं ट्रिगर सोडला होता, म्हणून तेवढ्यावर थांबलं. त्याच्या मनगटावरचे केस जळाले, बाकी इजा नाही. मला मात्र रात्रभर झोप नाही.

सकाळी तो हूक व्हाइसमध्ये धरला आणि कानस लावून आडवा घासला. आत झाडाच्या खोडासारखी वलयं : करडा, काळा, पिवळा, परत करडा, तांबडा. नऊ कोट मोजले. नऊ वेळा हा हूक ओव्हनमधून जाऊन आला आणि नऊ वेळा आम्ही त्यावर नवा जॉब टांगला. जॉब टेकतो तिथं लोखंड कुठंच उघडं नव्हतं. बूथला अर्थिंग होतं, कन्व्हेयरला होतं, गनच्या पॅनलला होतं. दरवाजाला मात्र नव्हतं. हूक साफ करायचा वार ठरलेला होता, ऑर्डरच्या घाईत मीच तो दोनदा पुढं ढकलला.

शिरोली, कागल, उद्यमनगरातल्या मंडळींना विचारायचंय : हूक कसे साफ करता, किती दिवसांनी, आणि अर्थिंग मोजता का? नुसतं तारेकडं बघून नव्हे, खरोखर मोजता का?

मेगरवाला

दादा, पोरगं वाचलं हे मोठं. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे, कोटिंगच्या तीन-चार शॉपमध्ये जाणं-येणं असतं. तुमच्या हुकात काय झालं ते आकड्यांत मांडतो.

गनमधून ८० मायक्रोअँपिअर करंट निघतोय असं धरा. चार्जनं भरलेले कण आणि आयन दरवाजावर येऊन बसतात, तो सगळा चार्ज हुकावाटे जमिनीत गेला पाहिजे. वाटेतला रोध १ मेगओहम असला तर दरवाजावर ८० व्होल्ट राहतात, काहीही बिघडत नाही. रोध १०० मेगओहम झाला की तेच ८,००० व्होल्ट होतात. नऊ कोटांच्या थरातून तर रोध त्याहून कितीतरी वर जातो. दरवाजा भरत राहतो आणि जवळचं एखादं अर्थ झालेलं टोक मिळालं की उडी मारतो. तुमच्याकडं ते टोक म्हणजे हुकाचाच कुठंतरी घासून उघडा पडलेला भाग असणार.

ठिणगीची ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्सच्या (चार्ज साठवायच्या क्षमतेच्या) निम्म्याला व्होल्टेजच्या वर्गानं गुणायचं. मोठ्या दरवाजाचा कपॅसिटन्स ३०० पिकोफॅरड धरला आणि तो १५,००० व्होल्टला पोचला, तर साधारण ३४ मिलिज्यूल होतात. थिनरमधल्या टोल्युइनच्या वाफेला पेटायला पाव मिलिज्यूल पुरतो. पावडरच्या ढगाला त्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतात, पण ३४ मध्ये पेट घेणाऱ्या पावडरी बाजारात आहेत.

म्हणून जगभर १ मेगओहमची मर्यादा धरतात. मोजायचं ते टांगलेल्या जॉबपासून अर्थपर्यंत. आणि मोजायला मल्टिमीटर घेऊ नका, त्याच्या ९ व्होल्टच्या बॅटरीला पातळ थरसुद्धा भिंतीसारखा दिसतो, नाहीतर भलताच आकडा येतो. ५०० व्होल्टचा मेगर (मोठा रोध मोजायचं मीटर) घ्या. गन बंद करून, रिकाम्या बूथमध्ये.

शिरोली_फॅब्रिकेटर

घाबरवू नका राव. आमच्याकडं पंधरा वर्षं लाइन चालू आहे, आजवर ठिणगी बघितली नाही. थिनरचा रंग पेटतो, मान्य. पावडरमध्ये सॉल्व्हंटच नाही, ती पेटणार कशी? पावडरीचा ढीग करून काडी लावून बघा, वितळते आणि काळी पडते. आम्ही थिनर सोडून पावडरकडं आलो ते याच कारणानं.

साखरपट्टा

शिरोलीकर, साखरेच्या पोत्याला काडी लावा, तीही नुसती वितळते. मी साखर कारखान्यात आयुष्य काढलंय, म्हणून हे उदाहरण देतो. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जियामधल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर रिफायनरीत साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. १४ माणसं गेली. पहिला स्फोट बंदिस्त कन्व्हेयरमध्ये झाला. त्या धक्क्यानं तुळयांवर, पाइपांवर वर्षानुवर्षं साठलेली धूळ हवेत उडाली आणि पुढचे स्फोट तिनं केले. जास्त माणसं दुसऱ्या खेपेला जातात.

अॲल्युमिनियम कास्टिंगवाल्यांसाठी आणखी एक. २ ऑगस्ट २०१४ ला चीनमध्ये कुनशानला चाकांच्या पॉलिशिंगच्या शॉपमध्ये अॲल्युमिनियमची धूळ पेटली, मृतांचा आकडा शेवटी १४६ वर गेला. आपल्याकडं बफिंगच्या मशिनीखाली ती चंदेरी धूळ किती साठते ते प्रत्येकानं आपापल्या शेडमध्ये बघावं.

ढीग पेटत नाही कारण आतल्या कणांना हवा मिळत नाही. तीच पावडर ढगात सुटली की प्रत्येक कणाभोवती हवा असते. बूथमध्ये आपण मुद्दाम तोच ढग करतो.

मेगरवाला

साखरपट्टा काकांनी नेमकं सांगितलं. एक कायद्याची गोष्ट जोडतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं ३७ वं कलम स्फोटक धूळ, वायू आणि वाफ यांच्यासाठीच लिहिलेलं होतं. धूळ साठू न देणं, यंत्र बंदिस्त ठेवणं, ठिणगीची कारणं दूर ठेवणं हे त्यात तेव्हाच होतं. ही कुणा परदेशी ऑडिटरची हौस नाही.

रंगरसायन

पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, माहेर रंकाळ्याजवळचं. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण या तंत्राचा सगळा इतिहास म्हणजे 'कण भरा आणि चार्जला घरी जायला वाट द्या' एवढ्या एका गोष्टीभोवती फिरतो.

विजेनं कण ओढून घ्यायची युक्ती आधी रंगासाठी नव्हतीच. अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेलनं १९०८ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते आम्लाचं धुकं आणि धूर पकडायला. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या बगॅस बॉयलरला चिमणीच्या आधी जो ईएसपी (धुरातली राख विजेनं पकडणारं यंत्र) असतो ना, तो त्याचाच वंशज. काका रोज बघत असतील.

रंगात ती आणली हॅरॉल्ड रॅन्सबर्गनं, इंडियानापोलिसमध्ये. त्यांच्या घरचा व्यवसाय स्वयंपाकघरातल्या रंगीत डब्या-बरण्यांचा. हवेच्या गननं रंग मारला की बराचसा बरणीच्या बाजूनं निघून जायचा. त्यानं फवाऱ्याच्या वाटेत उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) तारांची जाळी उभी केली आणि बरणी अर्थ केली. बाजूनं जाणारा रंग वळून मागच्या अंगालाही बसू लागला. १९४१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आपण 'रॅपअराउंड' म्हणतो ते हेच.

कोरोनामध्ये, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या टोकाभोवती आयन झालेल्या हवेत, कणावर जास्तीत जास्त किती चार्ज बसतो याचं सूत्र त्याआधीच, १९३२ मध्ये, फ्रान्सच्या मार्सेल पोतेन्येनं मांडलं होतं. तो चार्ज त्रिज्येच्या वर्गावर आणि विद्युत क्षेत्रावर ठरतो. पावडर मात्र वेगळ्या दारानं आली. जर्मनीत एर्विन गेमरनं १९५० च्या दशकात फ्लुइडाइज्ड बेड काढला : टाकीच्या तळातून हवा सोडायची, पावडर पाण्यासारखी उकळायला लागते, तिच्यात तापवलेला जॉब बुडवायचा. आज आपल्या हॉपरमध्ये जी पावडर 'उकळते' ती त्याची देणगी. १९६० च्या दशकात ही दोन्ही टोकं जुळली आणि थंड जॉबवर भरलेली पावडर मारणारी गन आली. मग जॉब १८० ते २०० अंशांत दहाएक मिनिटं भाजायचा.

सुरक्षेच्या दृष्टीनं सर्वात मोठा शोध मला वाटतो तो गनच्या नळीत बसलेला कॅस्केड. आधी उच्च दाब बाहेरच्या पेटीत तयार व्हायचा आणि जाड केबलनं गनपर्यंत यायचा. त्या केबलमध्येच इतका चार्ज साठलेला असायचा की गन जॉबला टेकली तर सगळा एकदम सुटायचा. आता केबलमधून थोड्याच व्होल्टचा पुरवठा येतो, आणि गनमधली डायोड-कपॅसिटरची शिडी त्याचे ६० ते १०० किलोव्होल्ट करते. केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये अणूचं केंद्रक फोडायला वापरली तीच ही शिडी. टोकाशी मोठा रेझिस्टर असतो, त्यामुळं गन जॉबजवळ गेली की व्होल्टेज आपोआप खाली येतं. म्हणून चांगल्या स्थितीतली गन स्वतः ठिणगी टाकून पेटवेल ही शक्यता आता फार कमी.

गनमध्ये इतकी अक्कल घालून झाली, पण जॉबच्या बाजूचं काम अजून एका वाकवलेल्या सळीवर आहे. दादांचा हूक तोच.

गनमन_कागल

मी मालक नाही, गन चालवतो. आठ वर्षं झाली. ताईंनी लिहिलं ते मला एवढं ठाव नव्हतं, पण हातानं जे कळतं ते सांगतो.

हूक मळला की पहिल्यांदा ठिणगी नाही येत. पहिल्यांदा पावडर चिकटायची बंद होते. जॉबवर मारली की सांडते, खाली धूर पडल्यागत. मग आम्ही काय करतो? केव्ही, म्हंजे गनचं व्होल्टेज, वाढवतो. तरी बसत नाही, मग पावडरची हवा वाढवतो. सुपरवायझर म्हणतो मायक्रॉन (थराची जाडी) कमी आलेत, अजून मार. म्हंजे ज्या वेळी जॉब अर्थला नाही त्याच वेळी बूथमध्ये ढग सर्वात दाट आणि केव्ही सर्वात वर. ठिणगी पडली तर ती त्याच वेळी पडणार.

दुसरं, हातमोजे. जाड रबरी मोजे दिले होते, घातले की दिवसभर झिणझिण्या. बूथच्या पत्र्याला कोपर लागलं की झटका. नंतर एकानं सांगितलं मोज्याचा तळवा कापून टाक, उघडा हात गनच्या मुठीला लागू दे. तेव्हापासून झटका बंद. पायाखाली पुठ्ठा टाकून उभं राहायची सवय पण सोडली, फरशी गार लागते म्हणून टाकत होतो.

मेगरवाला

भावा, तुझी ही पोस्ट छापून प्रत्येक बूथवर लावली पाहिजे. गनची मूठ अर्थ केलेली असते, उघडा तळवा तिला लागला की माणूस अर्थ होतो. रबरी मोजा आणि पुठ्ठा दोन्ही असले की माणूसच टांगलेल्या जॉबसारखा भरतो. अंगाचा कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड, दहा हजार व्होल्ट झाले की १० मिलिज्यूल. बूट अँटिस्टॅटिक घ्यायचे, आणि तळव्याला पावडरचा थर बसला असेल तर तो खरवडायचा, नाहीतर पैसे वाया. खिशातले किल्ल्यांचे जुडगे, मोबाइल बाहेर.

रंगरसायन

कागलच्या दादांनी सांगितलेली साखळी आमच्याकडं तक्रारीच्या रूपानं येते. 'तुमची पावडर बसत नाही' म्हणून पोतं परत येतं, आम्ही टेस्ट पॅनलवर मारतो, व्यवस्थित बसते. प्रत्यक्ष जाऊन बघितलं की दहातल्या बहुतेक वेळा हूक.

केव्ही वाढवून आतले कोपरेही भरत नाहीत. फॅराडेनं १८३६ मध्ये दाखवलं तेच : क्षेत्राच्या रेषा कडांवर संपतात, खोबणीत शिरत नाहीत. खोबणीसाठी केव्ही ४० ते ५० वर आणायचा, करंट १०-१५ मायक्रोअँपिअरला बांधायचा, हवा कमी करायची. उलट सगळं वाढवलं तर साठलेल्या थरातूनच उलट आयन सुटतात आणि भाजल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत. ज्यांना कोपऱ्यांचाच जॉब जास्त आहे त्यांनी ट्रायबो गन बघावी. तिच्यात उच्च दाब नसतो, टेफ्लॉनच्या नळीला घासून पावडर भरते. मात्र जॉबचं अर्थिंग तिथंही लागतंच, भरलेले कण तिथंही येऊन बसतातच.

रिकव्हरीच्या, म्हणजे जॉबवर न बसता परत गोळा केलेल्या, पावडरबद्दल एक विनंती. सायक्लोनमधून (हवेतली पावडर वेगळी करणाऱ्या यंत्रातून) फिरून आलेल्या पावडरमध्ये बारीक कणांचं प्रमाण वाढत जातं. बारीक कण नीट बसत नाहीत, हवेत जास्त वेळ राहतात आणि पेट घ्यायलाही त्यांना कमी ऊर्जा लागते. नवी आणि जुनी यांचं प्रमाण ठरवून मिसळा, शेवटच्या चार पिशव्या नुसत्या रिकव्हरीवर मारू नका.

शिरोली_फॅब्रिकेटर

साखरेच्या स्फोटाचं वाचलं. मी वर लिहिलं ते मागं घेतो. आता प्रश्न : आमचा बूथ स्थानिक फॅब्रिकेशनचा आहे, एक्झॉस्टचा फॅन 'बरा ओढतो' एवढंच माहीत. तो पुरेसा आहे का हे कसं ठरवायचं?

मेगरवाला

वहीच्या पानावर हिशोब करता येतो. पावडरच्या ढगाची पेट घेण्याची खालची मर्यादा साधारण ३० ग्रॅम प्रति घनमीटरच्या पुढं असते, पावडरप्रमाणं बदलते. मर्यादा माहीत नसेल तर बूथमधली सरासरी १० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही, असा युरोपातला दंडक आहे.

तुमच्या दोन गन मिनिटाला प्रत्येकी २५० ग्रॅम सोडत असतील तर मिनिटाला ५०० ग्रॅम. १० नं भागा : मिनिटाला ५० घनमीटर हवा हवी, तासाला ३,०००. सगळी पावडर हवेतच राहिली असं धरून हिशोब करायचा, जॉबवर बसलेली वजा करायची नाही. जॉब चुकला तर सगळीच हवेत असते.

फॅनच्या प्लेटवरचा आकडा विसरा. ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) भाड्यानं आणा, बूथच्या उघड्या तोंडावर नऊ ठिकाणी वेग घ्या. तोंड २ चौरस मीटर असेल आणि सरासरी अर्धा मीटर प्रति सेकंद आला तर मिनिटाला ६० घनमीटर, म्हणजे पास. फिल्टरचे कार्ट्रिज भरले की हा आकडा पडतो, तेव्हा महिन्याच्या शेवटी, फिल्टर मळलेले असताना मोजा. आणि फॅन बंद पडला की गनची हवा व वीज दोन्ही बंद होतील असं इंटरलॉक करा. एक कॉन्टॅक्टर आणि एक प्रेशर स्विच, खर्च फार नाही.

ऑटोमॅटिक गन असतील तर ज्योत ओळखणारा डिटेक्टरही लागतो. अमेरिकन संहितेत त्याला अर्धा सेकंद दिलाय, तेवढ्यात पावडर, वीज, कन्व्हेयर सगळं थांबलं पाहिजे. दादांकडं पोराच्या बोटानं तेच केलं.

साखरपट्टा

साफसफाईचं कुणी बोललं नाही. कॉम्प्रेसरच्या हवेनं बूथ आणि अंगावरचे कपडे फुंकणं बंद करा. धूळ जागची उठवून तुळईवर नेऊन ठेवण्याचा तो प्रकार आहे. व्हॅक्यूम वापरा, तोही धुळीसाठी बनवलेला, मोटरमधून हवा जाणारा घरगुती नको. बूथमध्ये आग लागली तर एक्स्टिंग्विशरचा झोत पावडरच्या ढिगावर सरळ मारू नका, ढीग उडाला की ढग तयार.

ज्यांचे ओव्हन एलपीजीवर आहेत त्यांनी बर्नर पेटवायच्या आधी ओव्हनच्या आकारमानाच्या चौपट हवा आतून जाऊ द्या. एलपीजी हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, वरून वास येत नाही.

रंगरसायन

हूक साफ करण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता. जुन्या पद्धतीचे स्ट्रिपर मेथिलीन क्लोराइडचे असतात, बंद शेडमध्ये त्यांची वाफ जीव घेऊ शकते. बॅरलमध्ये हूक टाकून उघड्यावर जाळणंही नको, तो धूर वस्तीत जातो. आफ्टरबर्नर असलेला (धूरही जाळून टाकणारा) बर्न-ऑफ ओव्हन, ज्यात हुकावरचा थर जाळून काढतात, हा खरा मार्ग, एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच शॉपनी मिळून घ्या. तोपर्यंत हुकाचं फक्त टोक, जिथं जॉब टेकतो तेवढं, ग्राइंडर लावून उघडं ठेवा. आणि गोल सळीऐवजी टोकाला धार किंवा 'व्ही' घ्या, जॉबच्या वजनानं ती थरात रुतते. गोल सळी थरावर नुसती बसते.

बाहेर उन्हात राहणाऱ्या जॉबसाठी पॉलिस्टर मागवताना पोत्यावर टीजीआयसी आहे की एचएए (पावडर घट्ट करणारे दोन वेगळे हार्डनर) हे बघा. टीजीआयसी जनुकांना इजा करणारं म्हणून युरोपात वर्गीकृत आहे. एचएएमध्ये भाजताना पाणी सुटतं, त्यामुळं फार जाड थरात भोकं येऊ शकतात, पण ८० मायक्रॉनच्या आत मला अडचण दिसलेली नाही. गनमनच्या फुप्फुसांचा विचार केला तर मी एचएएच सुचवेन. मास्क दोन्हीला हवा, रुमाल नव्हे.

गोकुळशिरगावकर

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

५०० व्होल्टचा मेगर घेतला. लाइनवरचे १२० हूक एकेक करून मोजले, जॉब टांगून. ४१ हूक १ मेगओहमच्या आत आले. बाकीचे ७९ वर, त्यातल्या बऱ्याच हुकांवर मेगर शेवटच्या आकड्यापर्यंत गेला. म्हणजे दोन तृतीयांश लाइन आम्ही टांगलेल्या कपॅसिटरवर चालवत होतो.

हुकांची टोकं ग्राइंड करून 'व्ही' केली आणि दोन संच केले, एक लाइनवर, एक सफाईला. चार कोट झाले की संच बदलायचा. फळ्यावर खडूनं रेघा मारतो, चौथी रेघ पडली की गनमन स्वतः लाइन थांबवतो, मला विचारत नाही. परवा मोजले तेव्हा १२० पैकी ११७ आत. राहिलेले तीन वाकलेले होते, भंगारात टाकले.

कागलच्या भावानं लिहिलं ते खरं निघालं. केव्ही ९० वरून ६० वर आणला, पावडरची हवा उतरवली, तरी दरवाज्यावर ७० मायक्रॉन येतात. खाली पडणारी पावडर डोळ्यांना कमी दिसते. ज्याच्या मनगटाचे केस जळाले तोच आता रोज पाळी सुरू होताना पाच हूक मोजून वहीत लिहितो.

शिरोलीकर, मेगर आमच्याकडं आहे. दुपारी दोनच्या आत आलात तर घेऊन जा, संध्याकाळच्या पाळीला आम्हाला लागतो.

शिरोली_फॅब्रिकेटर

उद्या अकराला येतो. ॲनिमोमीटर माझ्याकडं आलाय, तो घेऊन येतो, तुमचा बूथ पण मोजू.